विश्लेषण : रोमचे भग्नावशेष रेखाटण्याची कला वेरूळपर्यंत कशी पोहोचली? आणि पुण्याच्या गंगाराम तांबटांचे नाव मधल्यामध्ये कुठे गळाले?

लंडनच्या टेट संग्रहालयात शनिवारवाड्यातील दरबाराचे एक भव्य तैलचित्र आहे. १७९० मध्ये सवाई माधवराव पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातील रेसिडेंट चार्ल्स वेअर मॅलेट यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध तह झाला, तो प्रसंग त्यात आहे. याच तहानंतर तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन आपली फौज घेऊन कॅप्टन लिटलच्या पलटणींसह धारवाडच्या वेढ्याला निघाले. त्यामुळे सांगली परिसराच्या इतिहासाशी या चित्राचा थेट संबंध आहे. मात्र, हे चित्र १८०५ मध्ये इंग्लंडमध्ये पूर्ण करणारा थॉमस डॅनिएल त्या दरबारात हजर नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्याने ते रंगवले, तो जेम्स वेल्सही तहानंतर वर्षभराने, १७९१ मध्ये मुंबईत उतरला होता.

प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र आणि दुसऱ्याच्या रेखाटनावरून तयार केलेले चित्र यांतला हा फरक वेरूळच्या बाबतीत अधिक ठळक होतो. वेरूळच्या लेण्यांचे युरोपात गाजलेले पहिले मोठे चित्रपुस्तकही डॅनिएलच्याच हातून तयार झाले आणि तो वेरूळलाही कधी गेला नव्हता. त्या पुस्तकाच्या आधी लेण्यांपुढे बसून चित्रे काढणाऱ्यांत पुण्याचा एक मराठी चित्रकार होता. त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट.

शाई आणि वॉश म्हणजे नेमके काय?

हे चित्रण दोन टप्प्यांत होते. आधी टाकाने किंवा बोरूने शाईची रेषा काढली जाते. खांब कुठे सुरू होतो, कमान कुठे वळते, दगडाला तडा कुठे गेला आहे, हे रेषा सांगते. मग तीच शाई पाण्यात पातळ करून ब्रशने तिचे हलके हात दिले जातात. या पातळ थराला वॉश म्हणतात. एक थर वाळला की त्यावर दुसरा चढवायचा. जिथे सावली गडद तिथे थर जास्त आणि जिथे ऊन तिथे कोरा कागद तसाच ठेवायचा. पांढरा रंग वापरायचा नसल्याने उजेडाची जागा आधीच ठरवावी लागते. एकदा काळे झालेले पुन्हा पांढरे होत नाही.

युरोपात यासाठी मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली शाई वापरत. ही शाई काळानुसार तपकिरी होते आणि प्रमाण चुकले तर कागदही खाते. लाकडाच्या काजळीपासून केलेला तपकिरी रंग आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय झालेला सेपिया, म्हणजे माकुळाच्या शाईपासूनचा रंग, हेही वॉशसाठी वापरले जात. आपल्याकडे दप्तरांसाठी काजळी आणि डिंक यांची काळी शाई होती. ती शेकडो वर्षे टिकते, हे मोडी कागद पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे ती प्रवासात सोपी पडते. तैलचित्रासाठी कॅनव्हास, तेल आणि वाळायला लागणारे दिवस सोबत न्यावे लागतात. शाई, ब्रश, पाण्याची वाटी आणि कागदांचा गठ्ठा एका पिशवीत मावतो. शिवाय दगडी वास्तूंमध्ये रंगापेक्षा उंची, खोली आणि छाया महत्त्वाच्या असतात. एका शाईच्या आठ-दहा छटांत ते काम भागते.

रोमच्या अवशेषांपासून हे कसे सुरू झाले?

सोळाव्या शतकात उत्तर युरोपातील चित्रकार शिक्षणासाठी रोमला जाऊ लागले. नेदरलँड्सचा मार्टेन वान हेमस्कर्क १५३२ मध्ये तिथे गेला आणि काही वर्षे राहिला. कोलोसियम, फोरम, पडक्या कमानी, अर्धवट बांधलेले सेंट पीटर चर्च त्याने शाईने रेखाटले. त्याची ही पाने आज बर्लिनमध्ये जपलेली आहेत.

अशा चित्रांची किंमत नंतर कळली. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याने इसवी सन २०३ च्या सुमारास उभारलेली सेप्टिझोडियम ही अनेक मजल्यांची खांबांची दर्शनी भिंत रोममध्ये काही प्रमाणात उभी होती. पोप सिक्स्टस पाचवा याच्या काळात, १५८८-८९ मध्ये ती पाडून तिचा दगड इतर बांधकामांना वापरण्यात आला. आज तिचे रूप कळते ते मुख्यतः त्याआधी चित्रकारांनी केलेल्या रेखाटनांवरून. वास्तू गेली, कागद राहिला.

अठराव्या शतकात जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी याने रोमच्या दृश्यांची शंभराहून अधिक मुद्राचित्रे काढली आणि ती युरोपभर विकली गेली. त्याने वास्तू मुद्दाम भव्य दाखवल्या, माणसे अगदी लहान. चित्रे आधी पाहून मग रोमला गेलेल्यांना खरे अवशेष लहान वाटत. म्हणजे या परंपरेत दोन धारा होत्या. एक जे दिसते ते मोजून नोंदवणारी आणि दुसरी पाहणाऱ्याला थक्क करणारी. भारतात आलेल्या ब्रिटिश चित्रकारांनी दोन्ही सोबत आणल्या.

पुण्यात ही कला कशी आली?

मॅलेट १७८६ पासून पुण्याच्या रेसिडेन्सीचा प्रमुख होता. राजकारणाइतकाच त्याला प्राणी, वनस्पती, लेणी आणि शिल्पे यांच्यात रस होता. जे दिसेल त्याची चित्रे काढवून घ्यायची, हा त्याचा परिपाठ. त्यासाठी त्याने स्थानिक चित्रकार नेमले. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे गंगाराम. काही नोंदींत त्यांचे आडनाव नवगिरे असेही आढळते. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांनी केलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. म्हणजे वेल्स पुण्यात येण्याच्या आधीपासून गंगाराम काम करत होते. त्यांना चित्रकलेची ओळख वेल्सने करून दिली, असे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते.

स्कॉटलंडचा जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची आज सर्वपरिचित असलेली व्यक्तिचित्रे त्याचीच. याच सुमारास पेशव्यांच्या आश्रयाने आणि मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाली. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले, त्याच्या सहा दशके आधीची ही गोष्ट. पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रशिक्षण आणि मराठी चित्रकार यांची इथे गाठ पडली.

गंगाराम यांच्या चित्रांत वेगळे काय आहे?

त्या काळच्या मराठी चित्रकलेचा नमुना पाहायचा तर वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातील भिंतीचित्रे आहेत. तिथे रेषा राजा आहे. आकृतीची कड स्पष्ट, आत सपाट रंग, सावली जवळपास नाही. दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दिसते, हा नियम तिथे पाळायची गरजच नसते. महत्त्वाची व्यक्ती मोठी काढली जाते.

गंगाराम यांना याच्या नेमके उलट काम करायचे होते. वेरूळचे कैलास लेणे कागदावर आणणे अवघड आहे. रोममधल्या वास्तू खालून वर रचलेल्या आणि मग ढासळलेल्या. कैलास वरून खाली कोरत नेलेले. सुमारे ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद अंगण, मागचा कडा ३० मीटरहून उंच आणि मध्ये अखंड खडकातले मंदिर. पूर्ण वास्तू नजरेत यावी म्हणून मागे सरकायला जागा नाही. वरच्या कड्यावरून पाहिले तर कळस दिसतो, पण खालचे हत्ती लपतात. अंगणात उभे राहिले तर हत्ती दिसतात, कळस मान मोडेपर्यंत वर जातो. बाकीच्या लेण्यांत तर आत जाताच अंधार. दाराशी डोळे दिपवणारे ऊन आणि दहा पावलांवर काळोख, हे एकाच कागदावर दाखवायचे असते.

इथे वॉश उपयोगी पडतो. पहिल्या खांबाला हलका हात, दुसऱ्याला जरा गडद, गाभाऱ्याशी पूर्ण काळा. खोली आपोआप तयार होते. गंगाराम यांनी छायाप्रकाशाची ही युक्ती घेतली, पण आपली रेषा सोडली नाही. त्यांच्या चित्रांत कड नेमकी राहते. युरोपीय चित्रकार ज्या भागावर सावलीचा एक फटका मारून पुढे जाई, तिथेही मूर्तीचे हात, आयुधे, वाहन यांना गंगाराम यांच्याकडे जागा असते. ज्याला त्या मूर्ती कोणाच्या आहेत हे लहानपणापासून माहीत आहे, त्याच्या नजरेतून तपशील सहजी निसटत नाही.

मग नाव कुठे हरवले?

मॅलेट १७९४ मध्ये वेरूळला गेला. त्याने लेण्यांचे वर्णन कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवले. सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात ते छापले गेले. या वर्णनासाठी गंगाराम यांची चित्रे वापरण्यात आली. वेरूळचा सविस्तर परिचय जगाला झाला तो असा, एका मराठी चित्रकाराच्या कागदांच्या आधारे.

वेल्सला याहून मोठे काम करायचे होते. पश्चिम भारतातील लेण्यांचे चित्रपुस्तक काढण्याची त्याची योजना होती. १७९३ मध्ये मुंबईत आलेल्या थॉमस आणि विल्यम डॅनिएल या काका-पुतण्यांना त्याने घारापुरी, कान्हेरीची लेणी दाखवली. १७९५ मध्ये तो वेरूळला चित्रे काढायला गेला. गंगाराम या कामात त्याचे साहाय्यक होते. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेल्सचा मृत्यू झाला. त्याची रेखाटने मॅलेटकडे राहिली आणि मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली. १७९९ मध्ये मॅलेटने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी विवाह केला.

ही रेखाटने मग थॉमस डॅनिएलकडे आली आणि १८०३ मध्ये लंडनमध्ये २४ चित्रांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच लेण्यांना ‘एक्स्कव्हेशन्स’ म्हटले आहे. मुखपृष्ठावर श्रेय आहे मूळ रेखाटनांसाठी जेम्स वेल्स आणि मुद्राचित्रांसाठी थॉमस डॅनिएल यांना. तिसरे नाव तिथे नाही. युरोपात पुढची अनेक वर्षे वेरूळ म्हणजे हे पुस्तक, हे समीकरण झाले. ज्यात गंगाराम यांचा सहभाग होता तो विद्वानांचा खंड कपाटात गेला. देखणे पुस्तक दिवाणखान्यात राहिले.

यात कोणी ठरवून कट केला, असे म्हणण्याचे कारण नाही. त्या काळात रेखाटन करणारा, ते ताम्रपटावर कोरणारा, छापणारा आणि रंग भरणारा अशी मोठी साखळी असे. साहाय्यकाचे नाव न देणे ही युरोपातल्या कार्यशाळांचीही रीत होती. परिणाम मात्र एकच झाला. भारतातील वास्तूंचे चित्रण ब्रिटिशांनी केले आणि भारतीय नुसते पाहत राहिले, असा समज पक्का झाला.

गंगाराम यांचा शोध पुन्हा कसा लागला?

मॅलेट आणि वेल्स यांच्याकडील चित्रे आणि कागदपत्रांचा मोठा भाग आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ‘येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट’ या संग्रहालयात आहे. त्यात गंगाराम यांची चित्रेही आहेत. २०११ मध्ये तिथे ‘अ‍ॅडॅप्टिंग द आय’ हे प्रदर्शन भरले आणि गंगाराम यांचे काम त्यात ठळकपणे मांडले गेले. कला इतिहासकार होली शेफर यांनी पुढे २०२२ मध्ये ‘ग्राफ्टेड आर्ट्स’ हे पुस्तक लिहिले. मराठे आणि ब्रिटिश यांच्या आश्रयाने पश्चिम भारतात जी मिश्र कला वाढली, तिचा त्यात अभ्यास आहे. एका झाडाच्या फांदीवर दुसऱ्याचे कलम बांधावे तशी ही कला, असा त्या नावाचा आशय.

कागदावरची शाई उजेडाने फिकट होते. त्यामुळे अशी चित्रे मंद प्रकाशात आणि थोडे महिनेच मांडतात. एरवी ती पेटीत असतात. मात्र येलने आपल्या संग्रहातील चित्रांच्या प्रतिमा संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत. त्यामुळे सांगलीत बसूनही गंगाराम यांची रेषा मोठी करून पाहता येते.

जुन्या रेखाटनांचा आज उपयोग काय?

पहिला उपयोग पुराव्याचा. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव दिले, त्याचे डोके १८१४ मध्ये तुटून पडले. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जोडून उभा आहे. तो मूळ जागी धडधाकट कसा दिसे, हे त्याआधीच्या प्रवाशांनी केलेल्या रेखाटनांवरून कळते.

दुसरा उपयोग तुलनेचा. पावसाने झिजलेली नक्षी, पाझरणारे छत, फुटलेला हात दोनशे वर्षांपूर्वी कोणत्या अवस्थेत होते, हे जुन्या चित्राशिवाय कळत नाही. डागडुजी करताना मूळ काय आणि नंतरची भर काय, हे त्यावरूनच ठरवता येते.

पण चित्रही अमर नसते. मेजर रॉबर्ट गिल याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतांश जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयात लागलेल्या आगीत गेल्या. नोंद एकाच जागी ठेवली की ती एकदाच नष्ट होते, हा त्याचा धडा.

सातारा-सांगलीत ही परंपरा दिसते का?

कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत. साताऱ्यात ब्रिटिशांचा प्रतिनिधी असलेल्या बार्टल फ्रियर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यावर टिपण लिहिले. पुढे जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांच्या १८८० च्या लेणीविषयक ग्रंथात कऱ्हाडची लेणी आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये पुस्तके लिहिली आणि औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्यापासून हेन्री मूर यांच्यापर्यंतच्या कलाकृती जमवल्या. साहेबाने पाहायचे आणि आपण साहाय्य करायचे, ही जुनी वाटणी औंधच्या राजाने आपल्यापुरती मोडली.

आगाशिवची लेणी वेरूळसारखी नक्षीदार नाहीत. बरीचशी साधी, लहान, एका भिक्खूला पुरेल एवढी. मिरज तालुक्यातील दंडोबाच्या डोंगरावरचे खडकात कोरलेले मंदिरही तसेच. अशा ठिकाणांच्या वाट्याला मोठा चित्रकार क्वचित येतो. पर्यटक येतात, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढतात आणि मागची भिंत धूसर राहते. काही जण दगडावर नाव कोरून जातात. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची अशी विद्रुपता हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कॅमेरा असताना हाताने काढायचेच कशाला?

छायाचित्र सगळे टिपते, पण काय महत्त्वाचे ते सांगत नाही. शेवाळ, सावली, तडा आणि कोरीव रेषा त्यात एकाच मोलाच्या असतात. हाताने काढणाऱ्याला प्रत्येक रेषेपाशी निर्णय घ्यावा लागतो. ही छिन्नीची खूण की पाण्याची? ही कड मूळ की फुटून तयार झालेली? म्हणूनच उत्खननात सापडलेली खापरे, मूर्ती आणि वास्तूंचे आराखडे आजही पुरातत्त्व विभाग आणि विद्यापीठे रेखाटनाने नोंदवतात.

सुरुवात करायला फार लागत नाही. खांबाशेजारी मोजपट्टी किंवा माणूस उभा करून प्रमाण ठरवायचे. आधी पेन्सिलीने मोठे आकार, मग शाईने कड, शेवटी पातळ शाईचे दोन-तीन थर. सावली कोणत्या वेळची हे कळावे म्हणून तारीख आणि वेळ लिहायची, ठिकाण आणि कोणत्या दिशेने पाहिले तेही लिहायचे. कागदाची एक प्रत चित्रकाराकडे आणि एक गावच्या वाचनालयात राहावी.

आणि खाली काढणाऱ्याचे पूर्ण नाव हवे. साक्ष कोणाची आहे हे ठाऊक असेल तरच ती तपासता येते. गंगाराम तांबट यांचे नाव मॅलेटच्या कागदांत टिकले म्हणून दोनशे वर्षांनी त्यांचे काम त्यांच्या पदरात पडले. त्यांच्या बरोबरीने पुण्यात काम करणाऱ्या ज्या चित्रकारांच्या पानांवर नाव नाही, ते संग्रहालयांच्या यादीत आजही ‘अज्ञात भारतीय चित्रकार’ एवढेच आहेत.